पट्टी बांधलेले जाम

आमच्या घरमालकिणीच्या जामाच्या झाडावर सतरा माणसांची हाडं टांगलेली होती.

हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहतो. पण गोष्ट खरी आहे. पेरूला आमच्या भागात जाम म्हणतात. चिटगुप्प्याच्या त्या घरामागे जामाचं एकच झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना दोऱ्यांनी जुने एक्स-रे बांधलेले होते. वारा सुटला की ते फडफडायचे, ऊन पडलं की लखलखायचे. कुणाच्या बरगड्या, कुणाचं मोडलेलं मनगट, एक पूर्ण कवटी. राघूंनी भिऊन पळून जावं म्हणून ही व्यवस्था होती. आठ दिवस राघू भ्यायले. नवव्या दिवशी त्या कवटीच्या शेजारी बसून एक राघू निवांत जाम खाताना मी स्वतः पाहिला.

"भ्याला न्हाई की हो," मी म्हटलं तर अक्का म्हणाल्या, "माणसं तरी कुठं भ्यायलेत सर? मरण बगून आल्यावर बी घरी जाऊन जेवतात."

तीसेक वर्षं त्या सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, मी अक्का म्हणायचो. बरं झालेल्या माणसाला घरात जुना एक्स-रे नको असतो आणि टाकून द्यायलाही हात होत नाही, म्हणून लोक तो सिस्टरकडे आणून देत. कुठलं हाड कुणाचं हे त्यांना पाठ होतं. सकाळी झाडाखाली उभ्या राहून त्या मला ओळख करून द्यायच्या. हा जत्रेत पाळण्यातून पडलेला, ही बरगडी बैलानं मारलेली, ही मान एका मास्तरांची, "आता बरी हाय, पर ताठच हाय."

अठरावा एक्स-रे मात्र झाडावर नव्हता. तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेला लावलेला असायचा. माणसाचा पाय, गुडघ्याखाली मोडलेला. तो कुणाचा हे त्यांनी मला पहिली दोन वर्षं सांगितलं नाही.

मी गुलबर्ग्याचा. चिटगुप्प्याच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवायला लागलो तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारात गेलो. त्यांनी माझी नेमणुकीची ऑर्डर दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली. मग आधार कार्ड वाचलं, खालचं बारीक अक्षरातलंसुद्धा. आणि मग विचारलं, "राघूला दगड मारता का?"

"नाही."

"मग मारायला शिका. पर लागू देऊ नका."

हा माझा भाडेकरार.

वाचण्याचं त्यांना वेडच होतं. मिठाचा पुडा आणला तरी त्या चष्मा लावून त्यावरचं सगळं वाचायच्या आणि मगच बरणीत ओतायच्या. दूधवाल्याची पिशवी, लग्नाची पत्रिका, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, काही सुटायचं नाही. "वाचल्याबिगर घेऊ नये, वाचल्याबिगर देऊ नये," हे त्यांचं ब्रीद. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका बाळंतिणीला इंजेक्शन द्यायला हात उचलला होता आणि सुई टोचायच्या आधी बाटली दुसरीच असल्याचं लक्षात आलं होतं. "हात वर व्हता सर," त्या सांगायच्या, "अजून कदी कदी झोपेत वरच असतोय."

वाचण्याच्या जोडीला लिहिणं होतं. घरातल्या प्रत्येक डब्यावर, बरणीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेननं नाव आणि तारीख. माझ्या खोलीच्या किल्लीलाही होता. त्यावर लिहिलं होतं, "सरांची किल्ली."

झाडाचंही तेच. पावसाळी बहार धरला की अक्का सुपारीएवढ्या प्रत्येक जामाला गॉजची पट्टी गुंडाळून त्याची गाठ देठाशी मारायच्या. हात असा चालायचा की फळाला कळूसुद्धा नये. प्रत्येक पट्टीवर नंबर, बांधल्याची तारीख. औषधाच्या दुकानदारानं एकदा विचारलंच, "सिस्टर, एवढ्या पट्ट्या? घरात कोण लागून पडलंय?" तर म्हणाल्या, "साठ पेशंट हायत. सगळे लटकायलेत."

सकाळी सहाला वही घेऊन राउंड. मी ब्रश तोंडात धरून मागच्या दारात उभा राहायचो आणि मला ऐकू यायचं. झाडाशी त्या कन्नडमध्ये बोलायच्या, "याक तायी?", का गं आई, असं मऊ विचारायच्या. राघूंना मात्र दखनीत दटावायच्या, रोज कशाला येता म्हणून, "कैकू आरे मियाँ रोज रोज? नक्को बोली ना!" आणि मधूनच माझ्याकडे वळून मराठीत, "सर, बावीस नंबर गेला." पिकलेला जाम काढला की वहीत लिहायचं डिस्चार्ज. राघूनं टोचला की एक्सपायर. बुलबुलानं टोचला तरी नाव राघूचंच लागायचं. बुलबुलाचं मन लहान असतं, त्याला नाव ठेवू नये, असं काहीतरी त्यांचं शास्त्र होतं.

टोचलेले जाम माझ्या वाट्याला यायचे. राघू कधी चुकीचा जाम निवडत नाही, त्यामुळे झाडावरचं सगळ्यात गोड तेच असायचं. मी पाच वर्षं चिटगुप्प्यात राघूंचं उष्टं खाऊन जाडा झालो. टोच न लागलेल्या फळाला मात्र हात लावायची सोय नव्हती.

एके वर्षी लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी झाडावर नायलॉनची जाळी टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आलो तर अक्का शिडीवर, तोंडात कात्री, आणि जाळीत एक राघू उलटा लटकून किंचाळत होता. त्यानं त्यांचा अंगठा फोडला होता, रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तासभर एकेक दोरा कापून त्यांनी तो सोडवला, मांडीवर घेतला, त्याच्या पायाला जांभळं औषध लावलं आणि मगच स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. संध्याकाळी जाळी उकिरड्यावर गेली. "जाळी नको. जाळीत जीव आडकतोय," एवढंच म्हणाल्या. पुढे महिनाभर एक जांभळ्या पायाचा राघू झाडावर येत राहिला. त्याला शिव्या नव्हत्या. "माजा पेशंट हाय, तेला दोन माफ."

असा सगळा गमतीचा मामला वाटावा. मलाही पहिलं वर्ष गंमतच वाटली. आपण रोज एका म्हाताऱ्या बाईचं वाट बघणं बघतोय, हे कळायला मला श्रावण यावा लागला.

नागपंचमी आमच्याकडे लेकींचा सण. भाऊ येतो, बहिणीला माहेरी नेतो, झाडाला झोका बांधतो. अक्कांचं माहेर निर्णा, चिटगुप्प्यापासून गाडीवर अर्ध्या तासाचा रस्ता. नवरा लवकर गेला, मूल नाही, त्यामुळे माहेर म्हणजे एकच माणूस, धाकटा भाऊ. पंचमीच्या आदल्या दिवशी अक्का झाडावरचे अकरा जाम उतरवायच्या. टोच नसलेले, डाग नसलेले, एकसारखे. पट्ट्या सोडून, पुसून, एका स्टीलच्या डब्यात भरायच्या. तो डबा त्यांच्या लग्नात माहेरून आलेला, झाकणावर वडिलांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. झाडसुद्धा माहेरचंच, वडिलांच्या विहिरीवरच्या जामाचं रोप. आणि मग मला म्हणायच्या, "सर, गाडी काढता का?"

डबा घेऊन मी एकटाच जायचो. निर्ण्यात भावाचं घर मोठं होतं. भाऊ पलंगावर बसलेला असायचा, साठीच्या आत-बाहेर, जरा लंगडत चालणारा. मला बसा म्हणायचा, चहा व्हायचा. भावजय डबा आत न्यायची, जाम टोपलीत ओतायची, डबा घासायची आणि ओला, रिकामा माझ्या हातात आणून द्यायची.

रिकामा. जेवणाखाण्याचं भरून आलेलं भांडं रिकामं परत करू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. साखर घालतात, गुळाचा खडा घालतात, काहीच नसलं तर मूठभर जवारी. रिकामं भांडं परत पाठवणं म्हणजे पुन्हा पाठवू नका, असं सांगणं.

डबा आणून दिला की अक्का तो लगेच उघडायच्या नाहीत. ओट्यावर ठेवायच्या, हात धुवायच्या, पुसायच्या, आणि जखमेवरची जुनी पट्टी उचलावी तसं झाकण हळूच उचलायच्या. आत बघायच्या. मग कोरड्या फडक्यानं डबा पुसून फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आवंदा राघू लई हायत."

काय झालं होतं ते मला शेजारच्या कंपाउंडर काकांनी सांगितलं. ते अक्कांच्याच दवाखान्यात होते. अक्कांचे वडील गेले, तेराव्याला जेवणं झाली आणि भावानं कागद काढला, हक्कसोडीचा. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा, अशी रीतच. मोठ्या बहिणीनं बोट दाखवलं तिथं सही केली. कागद अक्कांपुढे आला. अक्का म्हणाल्या, "चष्मा घेते. वाचून करते."

"बास, एवढंच बोलली," काका म्हणाले. "सारी पंगत गप झाली. भनीनं भावाचा कागद वाचायचा? चार माणसांत? तेनं कागद घडी करून खिशात घातला आन् म्हनला, राहू दे अक्का, वाचून इश्वास ठिवायचा आसल तर राहू दे. तवापासून पंचमीला न्यायला आला न्हाई. आता पहाणीत हिचं नाव हाय तसंच हाय. चार एकर."

सातबाऱ्याला तिकडे पहाणी म्हणतात. अक्कांचं नाव त्यात होतं म्हणून भावाला पोरांच्या वाटण्या करता येत नव्हत्या. मी गेलो की तो दरवर्षी एकदा विचारायचा, "अक्का सही कवा करायलीय, सर?" मी "विचारतो" म्हणायचो.

विचारलंही. तेव्हा अक्कांनी खिडकीतला एक्स-रे काढला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यो तेचाच पाय. गाडीखाली आला व्हता. दोन महिने माज्या क्वार्टरमदी व्हता. नखं बी मीच काडायची." मग तो परत काचेला लावला. "मला चार एकर करायचंय काय, सर? आज सही करते. मूठभर जवारी घालून डबा पाठवावा. भन हाय म्हनून एक मूठ. बास."

"मग तसं सांगू का त्यांना?"

त्या एकदम कडक झाल्या. "सांगायचं न्हाई. मागून घेतली तर ती भीक झाली. माजी शपथ हाय तुम्हाला."

मी शपथ पाळली. आयुष्यात पाळलेली ती एकच शपथ, आणि तीच मोडायला हवी होती असं आज वाटतं.

जवारीवरून आठवलं. माझ्या मेसच्या डब्यातली भाकरी त्यांनी एकदा हातात घेऊन उजेडाकडे धरली होती. "हायब्रीड हाय. कडनं फाटायलीय बगा. आमच्या बापानं हायब्रीड शिवारात शिरू दिलं न्हाई. निस्ती मालदांडी. आंधाऱ्या खोलीत माज्या हातावर दाना ठिवा, आमचा हाय का न्हाई सांगते." मी हो हो केलं. मी शहरातला माणूस, आमच्या घरी पीठ पिशवीतून यायचं. जवारी म्हणजे जवारी.

चौथ्या वर्षी अक्कांचं शरीर उतरलं. साखर वाढलेली, पायाला जखम झालेली. शिडी चढवत नव्हती, तरी खालच्या फांद्यांचे पेशंट त्यांनी सोडले नाहीत. वरचे राघूंना गेले. अकरा जाम जमवताना त्यांची दमछाक झाली. अकरावा जरा लहान होता, तर तो डब्यात घालू की नको म्हणून तीनदा आत-बाहेर केला. मी निघालो तर गाडीपर्यंत लंगडत आल्या. "सर, बगून या. तेनं डब्याला हात लावायलाय का, तेवडं बगून या."

भावानं डब्याला हात लावला नाही. त्यानं विचारलं, "अक्का सही कवा करायलीय?" भावजयीनं डबा ओला, रिकामा आणून दिला. मी गाडी काढली.

चिटगुप्प्याच्या अलीकडे रस्त्यावर एक किराणा दुकान आहे. तिथं मी थांबलो. थांबायचं असं काही ठरवलं नव्हतं. पावशेर जवारी मागितली, डबा शर्टानं पुसला आणि एक मूठ आत टाकली. उरलेली जवारी तिथंच कोंबड्यांना टाकली. फार मोठं काही केलं असं वाटलंच नाही. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून आपण बोलतो ना, तब्येत सुधारलेली दिसते, तेवढंच.

अक्कांनी डबा ओट्यावर ठेवला. हात धुतले, पुसले. झाकण उचललं.

आणि तशाच थांबल्या. मग चार दाणे तळहातावर घेतले, डोळ्यांजवळ नेले, अंगठ्यानं घोळवले. एक दाणा दाताखाली फोडला. बराच वेळ त्यांची माझ्याकडे पाठ होती. मला वाटलं रडायल्यात. मनात म्हटलं, बरं केलं आपण.

"कुणी घातली, सर?" त्यांनी न वळता विचारलं.

"तुमच्या भावानं."

"सोता?"

"स्वतः. आत जाऊन मूठ भरून आणली." खोटं बोलायला लागलं की माणूस भरतीचं बोलतो.

अक्का वळल्या. माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला नजर खाली घालावी लागली. मग म्हणाल्या, "व्हय. आली की जवारी. बसा, चहा करते." त्या चहात साखर इतकी होती की मला तो पिववेना. त्यांनी स्वतःही घेतला, साखरेचाच.

दुसऱ्या दिवशी निरोप गेला, कागद घेऊन ये.

पुढच्याच आठवड्यात हुमनाबादला रजिस्ट्रार कचेरीत आम्ही गेलो. एक साक्षीदार भावाचा माणूस, दुसरा मी. कागद टेबलावर आला. पाच-सहा पानं होती. मी सवयीनं अक्कांची पिशवी पुढं केली, त्यात चष्मा होता. त्यांनी पिशवी घेतली नाही.

भाऊच म्हणाला, "वाच की अक्का." टोमणा होता की खरंच सांगत होता, मला आजही ठरवता येत नाही.

"काय वाचायचं?" अक्का म्हणाल्या. "भावाचा कागद हाय."

मिठाचा पुडा वाचणाऱ्या बाईनं चार एकराचा कागद न वाचता, बोट दाखवलं तिथं, पानापानावर सह्या केल्या. भावानं मान खाली घातली होती. बाहेर आल्यावर आम्ही सगळ्यांनी उभ्यानं चहा घेतला. "येतो अक्का," तो म्हणाला आणि जीपमध्ये बसला. घरी ये, असं म्हणाला नाही. अक्का जीप वळेपर्यंत उभ्या होत्या. मला वाटलं, आत्ता नाही म्हणाला तरी पंचमीला येईल. माझ्या मुठीवर माझा भलताच विश्वास बसला होता.

पुढची पंचमी आली. अक्कांनी केस धुतले, हिरवं लुगडं नेसल्या, बांगड्या भरल्या नाहीत पण हात मात्र सारखे पुसत होत्या. पिशवी भरलेली मी पाहिली नाही. कुणाची वाट बघतेय असंही त्या म्हणाल्या नाहीत. फक्त त्या दिवशी राउंड मागच्या दारी सकाळी झाला तो पुन्हा दुपारी, पुन्हा संध्याकाळी झाला, आणि मागच्या दारातून रस्ता दिसत नाही म्हणून प्रत्येक वेळी त्या घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आल्या. कुणी आलं नाही.

दोन दिवसांनी म्हणाल्या, "सर, गाडी काढता का?"

डबा ओला आला. परतताना त्याच किराणा दुकानापुढं मी गाडी थांबवली. उतरलो नाही. इंजिन चालूच ठेवलं आणि तसाच पुढे निघालो.

त्यांनी हात धुतले, झाकण उचललं, आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये राग नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली.

सकाळी सहाला कात्रीचा आवाज आला. मी मागच्या दारात गेलो. अक्का झाडाच्या सगळ्या पट्ट्या कापत होत्या. कच्चे, पाडाला आलेले, सगळे. नंबर घातलेल्या पट्ट्या खाली पडत होत्या आणि झाड उघडं होत होतं. काम संपल्यावर त्या पायरीवर बसल्या. आठ वाजेपर्यंत राघूंचा थवा उतरला होता. अर्धं खायचं, अर्धं टाकायचं, खाली खच पडला. अक्का बघत होत्या. "खाओ मियाँ, खाओ," त्या हलकेच म्हणाल्या. "अब किसकू देना है?"

वही त्या दिवसापासून बंद झाली.

दसऱ्यानंतर माझी बदली गुलबर्ग्याला झाली. निघायच्या दिवशी अक्कांनी तोच डबा आणून दिला, जड, भरलेला. सगळ्या पट्ट्या कापल्या असं मी धरून चाललो होतो, पण मागच्या एका फांदीवर त्यांनी माझ्यासाठी अकरा ठेवले होते. "टोच न लागलेले हायत, सर. पाच वर्षं उष्टं खाल्लात."

"डबा परत आणून देतो, अक्का."

"सावकाश आना. रिकामा आनू नका, एवडंच."

आम्ही दोघंही हसलो. माझं ते शेवटचं त्यांना बघणं.

गुलबर्ग्यात जाम ताटात काढले. दिसायला देखणे आणि चवीला बेताचे होते. डब्याच्या तळाशी गॉजची एक पुरचुंडी निघाली, देठाशी मारतात तशी गाठ मारलेली. सोडली तर आत मूठभर जवारी. वर चिकटपट्टीचा तुकडा, बॉलपेननं लिहिलेला. "सरांची जवारी." खाली बांधल्याची तारीख.

तारीख मागच्या वर्षीची होती. मी मूठ टाकली त्याच दिवसाची.

मी ती तारीख कितीदा वाचली असेन. म्हणजे झाकण उचललं तेव्हाच त्यांना कळलं होतं. "सोता?" विचारलं ते मला एक संधी म्हणून. चहा केला तो कळून. रजिस्ट्रारच्या टेबलावर चष्मा घेतला नाही तोही सगळं कळून. का, ते मला सांगता येत नाही. थकल्या असतील. की कुणीतरी, परक्यानं का होईना, आपल्यासाठी डब्यात मूठ घातली, तेवढं त्यांना पुरलं असेल. की मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून चार एकर दिले? हा शेवटचा विचार मला झोपेतून उठवतो.

जाऊन पाया पडायला हवं होतं. मी लाजेनं गेलो नाही. डब्यात काय घालून न्यायचं, हेच ठरेना. साखर? गूळ? जवारी तर नाहीच. संक्रांतीला तिळगूळ घालून जाऊ असं ठरवलं आणि मार्गशीर्षातच कंपाउंडर काकांचा फोन आला. "सिस्टर गेली, सर. चार दिवस झाले. तुमचा नंबर तिच्या वहीत सापडला."

महिन्यानं मी निर्ण्याला गेलो, डबा घेऊन. चिटगुप्प्याचं घर आता भावाकडेच आलं होतं, मग डबाही त्याचाच. तो पलंगावरच बसला होता, पण खचलेला. उशाखालून त्यानं एक्स-रे काढला.

"ह्यो माजा पाय हाय, सर. खिडकीत लावलेला व्हता. कामून लावला आसंल?"

मी डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. आत पुरचुंडी सोडलेली होती. त्यानं चार दाणे तळहातावर घेतले, अंगठ्यानं घोळवले, अगदी अक्कांसारखे, आणि दाताखाली न घालताच म्हणाला, "हायब्रीड हाय ही. आमच्यात न्हाई पिकत. कुठनं आनली?"

मग मी सगळं सांगितलं. शपथ मोडली. ओला डबा, मूठ, किराणा दुकान, सगळं. तो ऐकत राहिला. शेवटी पाय पोटाशी घेऊन म्हणाला, "मागायची की, सर. एक शब्द बोलायचा. पोतं दिलो असतो."

भावजय दारात उभी होती. तिनं पुढं येऊन ती जवारी सुपात ओतली आणि डबा आत नेला. घासल्याचा आवाज आला. मी उठलो, कारण तो डबा आता माझा नव्हता. पण ती बाहेर आली आणि तिनं डबा माझ्याच हातात दिला. जड लागला म्हणून झाकण उचललं. मालदांडी होती, पांढरी, टपोरी, काठोकाठ.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, तिचा आठव म्हनून," ती म्हणाली. "आन् रिकामा कसा द्यायचा, सर? तुम्ही पाव्हणे."

डबा माझ्या घरी वरच्या फळीवर आहे. बायको दरवेळी विचारते, दळून आणू का, किडे लागतील. मी नको म्हणतो. भरलेला डबा माणसानं पोचवायचा असतो. तो आता भरलेला आहे, आणि ज्या दारात पोचवायचा तिथं कुलूप आहे.